दोन जेरीकॅनचं वजन

आमच्या कातळवण्यात पूर्वी लंगडण्याची तालीम होत असे. यात हसण्यासारखं काही नाही. घरटी एक माणूस फौजेत गेलेलं गाव. निवृत्त होऊन आलेला जो तो पाठीचं नाहीतर गुडघ्याचं दुखणं घेऊन आलेला. त्या दुखण्याला अपंगत्वाचे किती टक्के द्यायचे हे ठरवणार मेडिकल बोर्डाचे तीन अनोळखी डॉक्टर, आणि तेही चहाच्या सुट्टीच्या आत. तेव्हा बोर्डाच्या तारखा लागल्या की उमेदवार शाळेच्या मैदानावर जमत आणि ड्रिलचे हवालदार म्हणून निवृत्त झालेले बाजीराव काटकर त्यांच्याकडून कवायत करून घेत. पाय ओढायचा नाही, पाय मागं राहतोय असं दिसलं पाहिजे, ही त्यांची शिकवण. अडचण एकच होती. पाच मिनिटांत सगळे एका तालात लंगडायला लागत. फौजेची सवय. काटकर डोक्याला हात लावून म्हणत, "अरे, आपापलं लंगडा."

गंमत अशी, की त्या सगळ्यांना खरोखरच दुखत होतं. खरं दुखणं बोर्डाला खोटं वाटू नये म्हणून ही तालीम लागे. कारण नोकरीत असताना आमच्यातल्या कुणीच दुखतंय म्हणून सांगितलेलं नसायचं. सिक रिपोर्ट करणारा तो कामचोर, अशी पलटणीत समजूत. शिवाय मेडिकल कॅटेगरी घसरली की बढती गेली. म्हणून गडी गुडघ्याला पट्टी आवळायचा, वर पँट चढवायचा आणि ओझं उचलून चालू लागायचा. कागदोपत्री तो ठणठणीत. पुढं निवृत्त झाला की त्याच ठणठणीत कागदाशी त्याचं भांडण सुरू. मी पलटणीत क्लार्क होतो. ते कागद ठणठणीत ठेवण्यात माझाही थोडा हात आहे.

मग अस्थिवाचक आला आणि तालीम बंद पडली.

या यंत्रामागचं शास्त्र मला मेजर कीर्ती सोमण या डॉक्टरणीनं समजावून सांगितलं. मला समजलं, म्हणजे कुणालाही समजेल. आपल्याला वाटतं हाड म्हणजे दगड. प्रत्यक्षात हाडात रस्त्यासारखं काम कायम चालू असतं. पेशींची एक टोळी जुनं हाड खणत जाते, मागून दुसरी टोळी नवं भरत येते. फरक इतकाच, की इथं दुसरी टोळी खरोखर येते. आणि ती वाटेल तसं भरत नाही. ज्या बाजूनं भार पडतो त्या बाजूला ती आतून बारीक बारीक टेकू उभे करते. म्हणून अंतराळात राहून आलेल्यांची हाडं पोकळ होतात आणि घण मारणाऱ्याचा उजवा हात आतूनसुद्धा जाड निघतो. अस्थिवाचक अतिशय सूक्ष्म क्ष-किरणांनी या टेकूंची जाळी पाहतो आणि उलटं गणित करतो: अशी जाळी व्हायला भार किती हवा, कुठल्या बाजूनं हवा, कुठल्या लयीत हवा.

राहिला प्रश्न भार कधी पडला याचा. तर हाड काही वर्षांनी बदलून जातं, पण सांध्यातली कूर्चा जवळजवळ बदलत नाही. तिच्यावर पडलेला ओरखडा जन्माचा. नवं हाड आणि जुनी कूर्चा शेजारी ठेवून यंत्र काळाचा अंदाज बांधतं. अंदाजच. चार-सहा वर्षं इकडं की तिकडं, हे यंत्र स्वतःच कबूल करतं.

गावानं त्याला ज्योतिषी म्हणायला सुरुवात केली. मागचं सांगणारा ज्योतिषी. पहिल्याच फेरीत त्यानं खुद्द काटकरांच्या गुडघ्याबद्दल सांगितलं, की हा मुख्यतः उकिडवं बसण्यानं झिजला आहे आणि तेही निवृत्तीनंतर. पारावरचा पत्त्यांचा डाव त्या दिवशी लवकर उठला.

सुभेदार हणमंत फडतरे मात्र खूश होता. म्हणाला, "क्लार्क, आता कागद नको न् काय नको. हाडच साक्ष देतंय."

हणमंत माझ्याच कंपनीतला. बर्फातल्या चौकीवर असताना ओझ्यासकट उतारावरून घसरला, गुडघा उलटा वळला आणि पाठीत काहीतरी मोडल्यासारखा आवाज झाला. हे मी पाहिलेलं. त्यानं सांगितलं नाही, मी लिहिलं नाही. पुढं त्याला तीस टक्के मिळाले ते वयाच्या मानानं. आता त्याला पन्नासच्या वर जायचं होतं, आणि त्याचं कारण त्याची पाठ नव्हती, त्याची बायको होती.

हणमंत निवृत्त होऊन आला त्याच वर्षी शालनवहिनी विहिरीच्या पायऱ्यांवरून पडल्या आणि कमरेखाली लुळ्या झाल्या. तेव्हापासून हणमंत त्यांना उचलत होता. खाटेवरून मोरीत, मोरीतून पडवीत, पडवीतून चुलीपाशी. कारण वहिनी स्वयंपाक बसून करत आणि दुसऱ्या कुणाला करू देत नसत. एक हात पाठीखाली, एक गुडघ्यांखाली. एवढ्या वर्षांत वहिनी हवेतून फिरतात याचं गावाला काही वाटेनासं झालं होतं. पोस्टमन आला तर हणमंत त्यांना हातावर घेऊनच सही करायला दारात येई.

आता त्याची पाठ साथ देईना. एका सकाळी मोरीच्या उंबऱ्यावर त्याचा गुडघा वाकला आणि वहिनी थोडक्यात वाचल्या. पन्नास टक्क्यांच्या वरच्या सैनिकाला सरकार घरी एक उचलयंत्र बसवून देई. छतावरच्या रुळावरून सरकणारं, झोळीत माणूस घेऊन खाली-वर करणारं. सरकारी नाव फार लांब होतं, लोक त्याला पाळणा म्हणत. पाळणा मिळाला नाही तर वहिनींना जिल्ह्याच्या शुश्रूषा केंद्रात ठेवावं लागणार होतं. बायकांचा वॉर्ड वेगळा, भेट रविवारी. मुलगी दूर परदेशात. पाळणा विकत घ्यावा तर शेत आधीच वहिनींच्या ऑपरेशनात गेलेलं. तेव्हा पाळणा किंवा ताटातूट, इतका सरळ मामला होता.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. हणमंतची पाठ रात्रंदिवस दुखे, आणि वहिनींनी विचारलं की तो म्हणे, "हे बर्फाचं दुखणं हाय. थंडी मणक्यात बसली ती बसली." वहिनींचा त्यावर पूर्ण विश्वास. त्या हणमंतच्या हातांवर बसून पलटणीचा उद्धार करीत. त्या मेल्या बर्फानं माझ्या माणसाचा मणका खाल्ला, तुमच्या कर्नलला एकदा माझ्यापुढं आणा, वगैरे. हणमंत निमूटपणे ऐकत त्यांना मोरीकडं घेऊन जाई.

वाचनाच्या दिवशी वहिनींपाशी घरी थांबायला कुणी नव्हतं, म्हणून त्यांनाही जीपमध्ये घातलं. हॉस्पिटलात चाकाच्या खुर्चीत बसवून मी त्यांना आत नेलं. हणमंत यंत्राखाली झोपला, उठला, शर्ट घालून सावधानमध्ये उभा राहिला. मेजर सोमण पडद्याकडं बघत होत्या. वयानं लहान, बोलायला गोड. त्या म्हणाल्या की गुडघ्यात एक जुना ओरखडा आहे, नक्की नोकरीतला, त्यावरून घसरणीची गोष्ट खरी दिसते. हणमंतनं माझ्याकडं बघून मिशी हलवली. मग त्या म्हणाल्या, की पण पाठ वेगळं सांगतेय.

"बराच काळ, रोज पुष्कळ वेळा एक वजन उचललं गेलंय. समोरून, दोन्ही हातांवर, छातीशी धरून. सुरुवातीला पंचेचाळीस किलोच्या आसपास, मग कमी कमी होत आलेलं." त्या पडद्यावरून नजर न काढता विचारत होत्या. "घरी कोणी आजारी असतं का?"

मग त्यांनी मान वळवली आणि त्यांना खुर्ची दिसली.

त्या बिचाऱ्या फार शरमल्या. नियम असा होता की घरगुती भार नोकरीत धरता येत नाही. यंत्रानं चूक केली असं वाटलं तर वरच्या बोर्डाकडं अपील करता येईल, असंही त्यांनी हळू आवाजात सांगितलं.

परतीच्या वाटेवर वहिनी पलटणीला एक शब्द बोलल्या नाहीत. घराशी जीप थांबली, हणमंत दार उघडून नेहमीसारखा वाकला, तेव्हा त्या म्हणाल्या, "थांबा जरा." तो थांबला. त्या त्याच्या पाठीकडं बघत बसल्या, जणू पहिल्यांदाच बघतायत. शेवटी पारावरून काटकरांना बोलावून आम्ही दोघांनी त्यांना आत नेलं, आणि आमच्यासारख्या दोन टक्केवारीवाल्यांनी नेलं म्हणजे कसं नेलं असेल ते सांगत नाही.

दोन दिवस त्या घरात भांड्यांचा तेवढा आवाज. तिसऱ्या दिवशी वहिनींनी मला बोलावलं. चुलीपाशी बसून भाकरी थापता थापता त्यांनी विचारलं, की बर्फात ह्यांना रॉकेलचे जेरीकॅन उचलायला लागायचे ना? घरच्या चिठ्ठीत तसं लिहायचे. म्हटलं, लागायचे, दोन-दोन, छातीशी धरून, हात गोठतात म्हणून. त्यांनी भाकरी तव्यावर टाकली. दोन भरलेल्या कॅनचं वजन किती? मी सांगितलं. माझ्यापेक्षा थोडंच कमी की, असं म्हणून त्यांनी भाकरी उलटली, आणि मला सगळं अपील दिसलं.

यंत्राला वजन कळतं, ते कुणाचं हे कळत नाही. कधीचं हे चार-सहा वर्षांच्या धुक्यात. तेव्हा वहिनींना हणमंतनं कधी उचललंच नाही असं ठरलं, तर मागं जेरीकॅनच उरतात.

हणमंतनं साफ नकार दिला. बोर्डापुढं उभं राहून खोटं बोलणं त्याला जमणार नव्हतं.

"तुम्हाला कोण बोला म्हणतंय?" वहिनी म्हणाल्या. "तुम्ही गप उभं राहायचं. इतकी वर्षं बर्फ बर्फ म्हणून मला फसवलंत न्हवं? आता माझी पाळी."

वरच्या बोर्डात तीन अधिकारी होते, मधले एक कर्नल. वहिनींनी लग्नातला शालू नेसला होता. मी जेरीकॅनचा मुद्दा मांडला, मग कर्नलसाहेबांनी वहिनींना विचारलं, की तुम्हाला इतकी वर्षं उचलतं कोण?

"शेजारच्या बाया," वहिनी म्हणाल्या. "त्यांच्या सवडीनं. तोवर मी पडून."

"आणि सुभेदारसाहेब?"

"ते पारावर. पत्ते खेळत." वहिनींचा आवाज खणखणीत होता. "लुळी झाले तवापासून या माणसानं मला बोट लावलं न्हाई साहेब. साधं कुशीला वळवलं न्हाई. माझ्या अंगाची किळस येती ह्यांना."

हे शेवटचं वाक्य आमच्यात ठरलेलं नव्हतं. हणमंतची मान हलली. कर्नलसाहेब त्याच्याकडं ज्या नजरेनं बघत होते, तशी नजर मी पलटणीत फक्त पळपुट्यांच्या वाट्याला आलेली पाहिली आहे.

"खरं आहे हे?"

हणमंत सावधानमध्ये होता. कानाच्या पाळ्या लाल. वहिनी त्याच्याकडं बघत नव्हत्या, समोर बघत होत्या, आणि त्यांची बोटं शालूचा काठ चुरगाळत होती.

"जी साब," तो म्हणाला.

अपील मंजूर झालं. मला विचाराल तर ते जेरीकॅनमुळं झालं नाही. इतक्या नालायक नवऱ्याच्या बायकोला निदान पाळणा तरी मिळावा, असं त्या तिघांना वाटलं. निकालात पत्नीचा भार 'आढळत नाही' असा शेरा होता.

बाहेर मेजर सोमण भेटल्या. त्यांना काय समजलं होतं आणि काय नाही, देव जाणे. त्या एवढंच म्हणाल्या, की आता वजन उचलू नका, पाठ सांभाळा, दर वर्षी वाचन होणार आहे. हणमंतनं सॅल्यूट ठोकला. दुसऱ्या कुणी ही डॉक्टरी सूचना मानली असती. सुभेदारानं तो हुकूम मानला. आणि घरी गेल्यावर वहिनींनी त्यावर शिक्का मारला.

"आता मला हात लावायचा न्हाई," त्या म्हणाल्या. "हाडात दिसंल. दिसलं तर पाळणा जाईल, आन् मी रविवारची होईन."

पाळणा आला. छताला रूळ लागले, खाटेपासून मोरीपर्यंत आणि चुलीपर्यंत. यंत्र मराठीत बोले, अगदी शुद्ध. "कृपया शरीर सैल सोडा." वहिनी म्हणत, "सोडलं बाबा." मग त्या वर जात, सरकत, खाली येत. पहिले काही दिवस बायका बघायला येत. हणमंत बाजूला उभा असे. पाळणा उचलू लागला की त्याचेही हात कोपरातून थोडे उचलत, मग त्याच्या लक्षात येई आणि तो ते पाठीमागं बांधून विश्राममध्ये उभा राही.

त्याची पाठ सुधारली, हे सांगायला मला बरं वाटत नाही. सकाळी तो ताठ उठू लागला. घरात काम उरलं नाही तेव्हा पारावर येऊन बसू लागला, आणि काटकरांनी त्याला पत्ते शिकवले. वहिनींची साक्ष थोड्या उशिरानं का होईना, खरी ठरली. त्याला कुशीला वळवायचीसुद्धा परवानगी नव्हती. तेही पाळणा करी. मी एकदा म्हटलं, अरे, एवढ्यानं काय होतंय. तर म्हणाला, "तुला ठावं हाय का नक्की?" मला नक्की ठाऊक नव्हतं. हाडाचं काय, ज्योतिष्याला काय दिसेल सांगता येत नाही, असंच गावात सगळे म्हणत. विचारावं तर कुणाला? विचारलं की संशय आलाच.

त्या थंडीत वहिनींच्या छातीत कफ झाला. औषधं चालू होती, पण दिवसेंदिवस त्या खंगत होत्या. पाळण्याची झोळी त्यांना आता मोठी होऊ लागली. एका दुपारी मी बसलो होतो. हणमंत खाटेपाशी स्टुलावर. वहिनी बराच वेळ छताकडं बघत होत्या, मग त्यांनी मान वळवली.

"आवं," त्या म्हणाल्या, "एकदा उचला ना मला."

कुठं न्यायचं ते म्हणाल्या नाहीत. उन्हात न्या, पडवीत न्या, काही नाही. हणमंत उठला. त्याचा एक हात पाठीखाली गेला, दुसरा गुडघ्यांखाली, न बघता. मी मान फिरवून दाराकडं बघू लागलो. बराच वेळ खाटेचा आवाज झाला नाही म्हणून पुन्हा बघितलं, तर तो तसाच वाकून थांबलेला.

"शालन, पुढच्या महिन्यात वाचन हाय," तो म्हणाला. "तू बरी झालीस, आन् पाळणा नेला त्यांनी तर?"

वहिनींनी त्याच्या तोंडाकडं पाहिलं आणि त्यांना हसू आलं. "व्हय की," त्या म्हणाल्या. "माझाच हुकूम. राहू द्या." त्यानं हात काढून घेतले. त्या म्हणाल्या की हात गार पडलेत तुमचे, आणि डोळे मिटले.

दोन दिवसांनी त्या गेल्या. मुलगी वेळेवर पोचली नाही. मुलगा नव्हता, म्हणून मडकं धरून हणमंतच पुढं चालला. खांदा आम्ही दिला. मडकं हलकं असतं.

पाळणा घेऊन जायला माणसं आली, त्यांच्याकडून त्यानं नीट पोच घेतली. आणि महिनाभरानं वाचनाची तारीख आली तेव्हा वेळेच्या आधी जीपपाशी येऊन उभा राहिला. मी म्हटलं, आता कशाला? तो म्हणाला, तारीख हाय.

मेजर सोमणांना काही कळलेलं नव्हतं. त्यांनी वाचन घेतलं आणि त्या मनापासून खूश झाल्या. पाठीला आराम पडलाय, वर्षभर अगदी व्यवस्थित काळजी घेतलेली दिसते, म्हणाल्या.

"काय उचललं न्हाई मॅडम," हणमंत म्हणाला. "एकदाबी न्हाई."

त्या हसल्या. "अहो, इतकं कडक नव्हतं म्हटलं मी. एकदा-दोनदा उचललेलं हाडाला समजतसुद्धा नाही. रोज, महिनोन्महिने भार पडावा लागतो, तेव्हा कुठं त्याची खूण उमटते."

हणमंत शर्टाची बटणं लावत होता. तो थांबला.

"एकदा उचललं, तर न्हाई दिसत?"

"नाही हो. एकदा उचललेलं काय दिसणार?" मग त्यांनी कागद पुढं केला. टक्केवारी कायमची झाली होती, आता पुन्हा यायची गरज नव्हती. "आणि मिसेस कशा आहेत?"

मी काहीतरी बोलणार होतो. हणमंतनं सॅल्यूट केला आणि तो बाहेर पडला.

बाहेर व्हरांड्यात बाकांवर वाचनासाठी आलेले गडी बसले होते. कुठकुठल्या गावचे, कुठकुठल्या पलटणींचे, कुणाच्या पाठीला पट्टा, कुणाच्या हातात काठी. त्यांत नायक हुद्द्याचा एक तरुण होता, शेजारी त्याची म्हातारी आई खुर्चीत. हणमंत त्याच्यापुढं जाऊन उभा राहिला.

"हे बघ," तो म्हणाला, "एकदा उचललेलं दिसत न्हाई त्याला."

नायक गोंधळून उठून उभा राहिला. जी साहेब, म्हणाला. हणमंत पुढच्याकडं सरकला, त्यालाही तेच सांगितलं. मग त्याच्या पुढच्याला. पहारा बदलताना सुभेदार ज्या आवाजात हुकूम पोचवतो त्या आवाजात, एकेकाच्या समोर थांबून, त्यानं ऐकलं याची खात्री करून. मी जीप काढायला गेलो. जीप दारात आणून हॉर्न दिला, तरी तो अजून अर्ध्याच रांगेपर्यंत पोचला होता.